मॅकबेथला वेडा करू नका: एक भूमिका बांधण्याची पद्धत

एकांकिका स्पर्धेसाठी कापून-छाटून बसवलेला असो, नाहीतर पूर्ण पाच अंकी, मॅकबेथ करणारी बहुतेक मुलं एकाच खड्ड्यात पडतात. पहिल्या अंकात साधं बोलतात. दुसऱ्यात डोळे मोठे होतात. तिसऱ्या अंकातल्या मेजवानीत किंचाळतात, आणि पाचव्यापर्यंत पोचेतोवर केस विस्कटलेले, हातवारे सुटलेले आणि घसा बसलेला. प्रेक्षकाला इतकंच कळतं की हा माणूस वेडा झाला. वेड्याची कीव येते, फार तर भीती वाटते. त्याच्यात स्वतःला कुणी बघत नाही.

शेक्सपिअरने १६०६च्या सुमारास लिहिलेला हा माणूस, चेटकिणींचं भाकीत ऐकल्यावर राजा डंकनचा खून करून स्कॉटलंडच्या गादीवर बसणारा सरदार, मुळात वेडा होतच नाही. सुरुवातीला त्याला नसलेलं दिसतं आणि ते नसल्याचं त्याला कळत असतं. शेवटी असलेली गोष्ट कुणीतरी समोर येऊन सांगतं, तेव्हा तो म्हणतो, खोटं बोलतोस. माझ्या मते सगळी भूमिका या दोन टोकांमधल्या उतारावर आहे. तो उतार संहितेत कसा शोधायचा आणि तालमीत कसा आणायचा, ते पायरीपायरीने मांडतो. लिहितोय नटासाठी, पण नाटक अभ्यासाला असलेल्यांनाही वहीची पायरी आणि शब्दांच्या दोन पायऱ्या उपयोगी पडतील.

संहिता हातात घेताना

मराठीत या नाटकाची जुनी रूपांतरं आहेत. शिवराम महादेव परांजप्यांचं 'मानाजीराव' आणि वि. वा. शिरवाडकरांचं १९५४चं 'राजमुकुट' ही त्यातली ठळक. जरूर वाचा, पण मूळ इंग्रजी शेजारी ठेवून, कारण पुढे ज्या शब्दांवर आपण बोट ठेवणार आहोत ते रूपांतरात बदललेले असू शकतात. (इथे मी ओळींचा फक्त कामापुरता अर्थ देतोय, रंगमंचावर बोलण्याचा अनुवाद नव्हे.) नाटक छापलं गेलं १६२३ साली, शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या मोठ्या संग्रहात. त्याच्या शोकांतिकांमधलं हे सगळ्यात आखूड. त्यामुळे कात्री लावताना जपून. इथे पाणी घातलेलं फारसं सापडणार नाही.

इतिहासाचा एक तुकडा मात्र नटाला ठाऊक हवा. खरा मॅकबेथ स्कॉटलंडवर १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं राज्य करत होता आणि डंकन लढाईत मारला गेला होता, पाहुणा म्हणून आलेला असताना बिछान्यात नव्हे. शेक्सपिअरने ज्या बखरीवरून कथा घेतली, त्या हॉलिनशेडच्या बखरीत डंकन ढिला राजा आहे, मॅकबेथचा सोबती सरदार बँको कटात सामील आहे आणि मॅकबेथ पहिली दहा वर्षं चांगला कारभार करतो. नाटककाराने या तिन्ही सबबी काढून टाकल्या. राजा चांगला, तोही घरी आलेला पाहुणा. मित्र निर्दोष. चांगल्या कारभाराचा एक दिवससुद्धा नाही. एवढंच कशाला, राज्य मिळाल्यावर काय करायचं यावर मॅकबेथच्या तोंडी एकही वाक्य नाही. या माणसाला सत्तेचा उपयोग नकोय, सत्तेचं चित्र हवंय. भूमिकेची पहिली गाठ ही.

पहिली पायरी: तीन रकान्यांची वही

पाठांतराआधी एक वही घ्या आणि पान उभं तीन भागांत आखा. पहिल्या रकान्यात त्याला काय दिसलं किंवा ऐकू आलं, दुसऱ्यात त्याबद्दल तो काय म्हणाला, तिसऱ्यात मग त्याने काय केलं. मुख्य नोंदी पाच: चेटकिणींच्या भेटीनंतर मनात उभं राहिलेलं चित्र, खंजीर, मेजवानीत आलेलं बँकोचं भूत (त्याला मॅकबेथनेच मारवलेलं असतं), चेटकिणींनी दाखवलेल्या आकृती आणि चालत येणारं जंगल.

पहिला आणि तिसरा रकाना सगळेच भरतात. खरं काम मधल्या रकान्यात आहे. तो सलग वाचून काढा. पहिल्या प्रसंगात मनातल्या नुसत्या चित्राने केस उभे राहिलेत, ही आपल्याच मनाची लबाडी आहे असं तो स्वतःच सांगतो. शेवटच्या प्रसंगात समोरच्या माणसाला फटकन 'लबाडा, गुलामा' म्हणतो. मधल्या रकान्यातली ही घसरण एकदा दिसली की आवाज कुठे चढवायचा हा प्रश्न निम्मा सुटतो.

दुसरी पायरी: खून हा शब्द आणला कुणी?

पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश. चेटकिणी काय म्हणतात ते पेन्सिलने अधोरेखित करा. ग्लॅमिसचा सरदार, कॉडोरचा सरदार, पुढे होणारा राजा. संपलं. मारायचं, कापायचं, विष द्यायचं, काही नाही. मॅकबेथ दचकतो आणि बँको विचारतो, एवढी चांगली बातमी ऐकून तू घाबरलास का? थोड्याच वेळात मॅकबेथच्या स्वगतात तो शब्द येतो, ज्याचा खून अजून फक्त कल्पनेत आहे असा माझा विचार. शब्द त्याने घरून आणलेला आहे. माणूस असा दचकतो ते आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर.

पुढे सातव्या प्रवेशात त्याची बायको त्याला आठवण करून देते: ही गोष्ट माझ्यापाशी तूच काढली होतीस, तेव्हा वेळही नव्हती आणि जागाही नव्हती. हे बोलणं कधी झालं? नाटक सुरू होण्याआधी की मधल्या काळात पडद्याआड? दिग्दर्शकाने ठरवून टाकावं आणि नटांना सांगावं. माझं मत आधीच्या बाजूने. त्या घरात ही कुजबूज जुनी आहे असं धरलं की चेटकिणींकडे दोष ढकलून मोकळं व्हायची सोय राहत नाही.

तालमीत असं करा. चेटकिणींची वाक्यं दोन मुलींना अगदी सपाट वाचायला लावा, बस थांब्यांची नावं वाचल्यासारखी. मॅकबेथ आणि बँकोने चेहरा हलवायचा नाही, नुसता श्वास घ्यायचा. बँकोचा श्वास कुतूहलाचा असेल. मॅकबेथचा अडकला पाहिजे. कुठे अडकतो ते नटालाच सापडू द्या. दाखवायला गेलात की तो डोळे विस्फारेल.

तिसरी पायरी: 'ते'

सातव्या प्रवेशातलं स्वगत घ्या. ते झाल्यावर संपणार असेल, तर ते लवकर झालेलं बरं. 'ते' म्हणजे काय? आपल्याकडेही वाईट कामाला नाव देत नाहीत. 'त्याचं बघून घेऊ', 'ते प्रकरण मिटवा', 'तेवढं काम करून टाक'. इथे तसंच चाललंय. लाल पेन्सिलने असा प्रत्येक 'ते' गोल करा. मग एक मजा दिसेल. 'खुनी' हा शब्द त्याच भाषणात येतो, पण तिसऱ्याच कुणासाठी: यजमानाने खुन्याला दार बंद करायचं असतं. आणि त्याच वाक्याच्या शेपटीला तो एकदम स्वतःवर येऊन आदळतो, सुरी आपणच धरायची नसते. हा धक्का वाक्याच्या आत आहे, त्याला बाहेरून पॉज लावू नका.

सराव: सगळं भाषण एकदा प्रत्येक 'ते'च्या जागी 'खून' घालून बोला. जीभ अडखळेल. लगेच मूळ शब्दांवर या. आता 'ते' उच्चारताना जो सुटल्यासारखा भाव येईल, तोच हवाय. आधीच्या एका प्रवेशात तो म्हणून गेलाय की हात जे करेल त्याकडे डोळ्याने काणाडोळा करावा. स्वतःला फसवायची त्याची रीत हीच, एका अवयवाला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. खून झाल्यावर ती रीत पुरती उघडी पडते. केलेलं ओळखायचं तर स्वतःची ओळखच नको, असं त्याला म्हणावं लागतं.

खंजीर

इथे थांबून नीट काम करा. आधी, काय करू नये ते. दोऱ्याला खंजीर लटकवू नका. पडद्यावर चित्र फेकू नका. आम्ही एकदा उत्साहाने लाल लेझरचा ठिपका वापरला होता, त्याला प्रेक्षागृहात हशा पडला, तोही भरघोस.

खंजीर नटाच्या नजरेत असतो. आपल्यापासून दोन हात अंतरावर, छातीच्या उंचीला एक बिंदू ठरवा. मूठ आपल्याकडे आहे हे विसरू नका, संहितेतच तसं आहे. मग स्वगताचे टप्पे पाडा. तो विचारतो. धरायला जातो, हाताला लागत नाही. हा मनाचा खंजीर, तापलेल्या मेंदूची पैदास, असं निदान तो स्वतःच करतो. आपला खरा खंजीर काढून दोन्ही ताडून बघतो. नजरेतल्या पात्यावर आता रक्त दिसतं. आणि मग सरळ वाक्य: असं काही नाही, हातातलं काम माझ्या डोळ्यांना हे दाखवतंय.

हा चाचणी घेणारा माणूस आहे, जवळजवळ शास्त्रज्ञ. भ्रम दिसला, तपासला, भ्रम म्हणून फेटाळला. आणि तरीही निघाला. घंटा वाजते आणि तो जातो. नटाने 'असं काही नाही' हे वाक्य भुताटकीच्या सुरात घेतलं की सगळं वाया गेलं. ते शांत हवं, हिशेब लागल्यासारखं. भ्रमाने त्याला खुनाकडे ओढत नेलं असं वाटलं तर तो सुटला. तो शुद्धीत आहे हे दिसलं पाहिजे.

ते वाक्य बोलताना नट रंगमंचावर नेमका कुठे उभा आहे, त्याची खडूने खूण करून ठेवा. शेवटी लागणार आहे.

मेजवानी, आणि मेजवानीनंतर

बँकोचं भूत दाखवायचं की नाही, यावर दिग्दर्शकांची भांडणं होतात. सायमन फोर्मन नावाच्या लंडनच्या एका वैद्य-ज्योतिषाने १६११ साली ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहून टिपण ठेवलंय. त्यात बँकोचं भूत येऊन मॅकबेथच्या खुर्चीत बसतं असा उल्लेख आहे. म्हणजे तेव्हा दाखवत असत. मीही दाखवण्याच्या बाजूचा, पण अट एक: हलल्याशिवाय बसणारा नट मिळाला पाहिजे. खंजीर आपल्याला दिसला नव्हता, मॅकबेथला दिसला होता. बँको आपल्यालाही दिसतो, पाहुण्यांना दिसत नाही. म्हणजे प्रेक्षक न कळत मॅकबेथच्या बाजूला येऊन बसतो.

वहीत आता फरक बघा. खंजिरावर त्याने प्रश्न विचारले होते. भुताशी तो वाद घालतो, 'मी केलं असं तू म्हणू शकत नाहीस'. तपासणी संपली, बचाव सुरू झाला. बायको त्याला आठवण करते की हे तुझ्या त्या हवेतल्या खंजिरासारखंच आहे. पण तो खंजीर खोटा असल्याचं त्याचं त्यालाच कळलं होतं, हे तिला ठाऊक नाही.

किंचाळायचं असेल तर याच प्रवेशात, एकदा. त्याहून जास्त नको.

खरा कणा मात्र पाहुणे गेल्यावर आहे, आणि स्पर्धेत नेमका तोच भाग कापला जातो. उष्टी ताटं पडलीत, दोघं दमलीत. रक्तात इतका पुढे आलोय की मागे फिरणंही तितकंच जिवावरचं, असं तो म्हणतो. मग झोपायला निघताना एक ओळ येते. माझी ही चमत्कारिक आत्मवंचना म्हणजे नवशिक्याची भीती आहे, सरावाने जाईल, या कामात आपण अजून कच्चे आहोत. पुन्हा वाचा. टोचणारं मन हीच फसवणूक, असं निदान त्याने आता केलंय. त्यावर औषध काय, तर आणखी खून. खोट्याला खोटं म्हणणारा माणूस इथे पहिल्यांदा खऱ्याला खोटं म्हणतो. नाटक इथे वळतं. आवाज न चढवता, बसून, जोडे काढताना बोलल्यासारखं घ्या.

नवरा-बायको

यावर थोडक्यात, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. खुनानंतर तो म्हणतो, सगळा समुद्रही हे हात धुऊ शकणार नाही. ती म्हणते, थोड्या पाण्याने निघेल. पाचव्या अंकात तीच झोपेत हात चोळत असते आणि तो शहारायचंही विसरलेला असतो. कल्पनाशक्ती एकाच्या अंगातून निघून दुसरीच्या अंगात शिरावी तसं. पत्रात तो तिला थोरवीतली भागीदार म्हणतो, बँकोच्या खुनाआधी लाडाने सांगतो की तुला ठाऊकच नसलेलं बरं, आणि मेजवानीनंतर ही दोघं एकत्र रंगमंचावर येत नाहीत. तालमीत त्या रात्रीच्या निरोपाकडे लक्ष द्या. तो शेवटचा आहे हे दोघांना माहीत नाही, नटांनीही ते खेळायचं नाही.

भाकितं: तो ऐकतो, बघत नाही

चौथ्या अंकात तो आपण होऊन चेटकिणींकडे जातो. तीन आकृती निघतात. शिरस्त्राण घातलेलं मस्तक म्हणतं, मॅकडफपासून (त्याच्याविरुद्ध गेलेल्या सरदारापासून) सावध. रक्तबंबाळ मूल म्हणतं, बाईच्या पोटी जन्मलेला कुणी तुला इजा करणार नाही. हातात झाड धरलेलं, मुकुट घातलेलं मूल म्हणतं, बर्नमचं जंगल डन्सिनेनच्या टेकडीवर, म्हणजे त्याच्या किल्ल्यापाशी, चालून येईपर्यंत तू अजिंक्य.

हिरण्यकशिपूची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हा सापळा लगेच कळतो. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. वराला फट असतेच. फरक इतकाच की हिरण्यकशिपूने अटी स्वतः घातल्या होत्या, याला त्या आयत्या मिळाल्या. शिवाय उत्तर याच्या डोळ्यांसमोर ठेवलंय! मुलाच्या हातात झाड आहे: जंगल असंच येणार, चालून येणाऱ्या शत्रुसैनिकांच्या हातातल्या फांद्यांमधून. दुसरं मूल रक्ताने माखलंय: पोट फाडून काढलेल्या मुलासारखं. फक्त शब्दांवर कान देऊन जो बसला, त्याला चित्र दिसत नाही. एके काळी या माणसाला चित्रंच चित्रं दिसत होती.

म्हणून प्रॉपर्टीवाल्याला (रंगमंचावरचं सामान सांभाळणाऱ्याला) सांगा की झाडाची फांदी मोठी आणि हिरवी हवी, शेवटच्या रांगेतून ओळखू यावी अशी. आणि मॅकबेथने आकृती बोलत असताना नजर तिच्यावरून काढून प्रेक्षकांकडे, कुठेतरी पुढे ठेवायची. भविष्य ऐकणारा माणूस असाच बसतो. पत्रिकेतली साडेसाती विसरतो आणि राजयोग पाठ करतो.

याच प्रवेशाच्या शेवटी, चेटकिणी नाहीशा झाल्यावर, तो म्हणतो की त्यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचं वाटोळं होवो. स्वतःलाच शाप देतो, त्याला कळतही नाही. या ओळीवर जोर देऊ नका, बूट झटकल्यासारखी जाऊ द्या. लगेच पुढे ठराव येतो, यापुढे मनात आलं की हात चालणार. त्यानंतर मॅकडफच्या बायको-मुलांची कत्तल. त्या प्रवेशात मॅकबेथला काम नाही, तरी दर तालमीला नटाने समोर बसून तो बघावा. चहाला जायचं नाही.

पाचवा अंक: सपाट

घसा बसतो तो इथे, कारण संहितेत शिव्या आहेत, हुकूम आहेत, चिलखत आहे. पण वहीचा मधला रकाना सांगतो की भीतीची चव आपण जवळजवळ विसरलो, असं तो स्वतः म्हणतोय. मग हे ओरडणं आतून रिकामं हवं. 'आणखी बातम्या आणू नका' हे वाक्य चिडून नको. दार लावून घेतल्यासारखं घ्या.

चिलखताचं काम नीट बसवा. तो मागतो, त्याचा सेवक सेटन म्हणतो अजून गरज नाही, तरी तो चढवायला लावतो, मग काढ म्हणतो, आणि शेवटी 'मागून घेऊन ये' म्हणत निघतो. शब्द न वापरता माणसाची अवस्था सांगणारी इतकी चांगली जागा नाटकात दुसरी नाही, आणि ती नुसत्या घाईत जाते. खऱ्या बकला, खरे पट्टे वापरा, दहा वेळा तालीम करा. कपडेपटाने पहिल्या अंकानंतरचा झगा एक माप मोठा शिवावा. उसने कपडे, राक्षसाचा झगा घातलेला बुटका चोर, अशा प्रतिमा संहितेतच विखुरल्यात.

बायको गेल्याची बातमी येते तेव्हाचं 'उद्या, आणि उद्या, आणि उद्या' हे भाषण स्पर्धेत टाळी घेण्यासाठी म्हटलं जातं. ते समोर उभ्या सेटनला दिलेलं उत्तर आहे, तेवढंच ठेवा. रडायला येत नाही, याचं त्याला आश्चर्य वाटतंय.

आणि मग निरोप्या. बिचारा फार जपून बोलतो: मी जे पाहिलं म्हणतोय ते कसं सांगावं कळत नाही, पण जंगल हलताना दिसलं. आता नटाला त्या खडूच्या खुणेवर आणा. जिथे उभं राहून त्याने खंजिराला 'असं काही नाही' म्हटलं होतं, तिथेच, तितक्याच शांतपणे सुरुवात करून 'लबाडा' म्हणू द्या. राग त्यानंतर चढू दे. प्रेक्षकातल्या दोघांना जरी जागा ओळखू आली तरी पुष्कळ.

मॅकडफ समोर येऊन सांगतो की आपण आईचं पोट चिरून, दिवस भरण्याआधी काढलेलो. मॅकबेथ म्हणतो, या सैतानी चेटकिणींनी कानाला दिलेलं वचन पाळलं आणि आशेला दिलेलं मोडलं. नंतर: मी तुझ्याशी लढणार नाही. इथे मोठा पॉज घ्या, या भूमिकेतला सगळ्यात लांब. सगळं चित्र आता त्याला दिसतंय, जंगल, मूल, फांदी. खंजिराच्या रात्रीनंतर पहिल्यांदा तो डोळे उघडे ठेवून उभा आहे. ढाल पुढे धरतो आणि जातो. या लढाईसाठी तलवारी जरा जड घ्या, फायबरच्या नकोत. दोन वारांनंतर नटाला खरोखर दम लागला पाहिजे.

रंगीत तालमीच्या दिवशी फक्त खंजीर, मेजवानीनंतरचा तुकडा आणि निरोप्या, एवढे तीन प्रसंग सलग करून घ्या, मधलं सगळं सोडून. पंधरा मिनिटांचं काम आहे. तिन्हींत नटाच्या आवाजाची पट्टी चढत गेली असेल तर वही पुन्हा उघडा.